घशातली पिशवी नुसती काढून भागत नाही

गिळण्याच्या तक्रारींवर या सदरात लिहिलं त्याला आता दोन महिने होतील. त्यात घशाच्या मागच्या भिंतीला होणाऱ्या पिशवीचा उल्लेख जेमतेम चार ओळींचा होता. पत्रं मात्र आली ती बहुतेक त्या चार ओळींवरच, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात गोंधळ एकच. आपल्याकडे 'पिशवी काढली' म्हटलं की गर्भाशय काढलं हे सगळ्यांना कळतं. त्याच चालीवर लोक विचारतात, 'घशातली पिशवी काढून टाकली की सुटलो ना?' तेवढ्यानं सुटत नाही. म्हणून आजचं सदर या एकाच विषयाला दिलं आहे.

आधी हे होतं कसं, ते सांगते. घास घशातून अन्ननलिकेत उतरतो त्या तोंडाशी एक आडवा स्नायू असतो. त्याचं नाव क्रायकोफॅरिंजियस. एरवी तो घट्ट मिटलेला असतो. घास आला की क्षणभर सैल पडतो आणि लगेच पुन्हा मिटतो. उतारवयात काहींचा हा स्नायू कडक होतो, पुरता सैल पडत नाही. त्याच्या लगेच वर, मागच्या भिंतीत, तिरके स्नायू संपून आडवे सुरू होतात तिथे जन्मतःच एक कमजोर जागा असते. वरून घास रेटला जातो, खालचं दार उघडत नाही, मग सगळा दाब त्या कमजोर जागेवर येतो आणि घशाचं आतलं अस्तर तिथून बाहेर फुगतं. आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, वेळेवर काढले नाहीत तर फुगलेलं पाणी शेजारचा मऊ काठ पोखरतं, तसंच हे. काठाला पडलेलं भगदाड म्हणजे पिशवी. न निघालेले बरगे म्हणजे तो स्नायू. पुढची सगळी उत्तरं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : वडिलांच्या रिपोर्टवर 'झेंकर्स डायव्हर्टिक्युलम' लिहिलं आहे. हा कॅन्सर आहे का? (विश्रामबाग, सांगली)

नाही. घशातल्या या पिशवीचंच ते नाव. फ्रीडरिश झेंकर या जर्मन डॉक्टरांनी १८७७ मध्ये या पिशव्यांचा सविस्तर अभ्यास मांडला, म्हणून त्यांचं नाव तिला चिकटलं. वर्षानुवर्षं अन्न साचून राहिलेल्या पिशवीत कॅन्सर झाल्याची उदाहरणं आहेत, पण ती फार थोडी. शंभरात एखादं किंवा त्याहूनही कमी. तरी वडील तंबाखू किंवा मिश्री लावत असतील, गिळताना दुखत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल किंवा त्रास अचानक वाढला असेल, तर हे तुमच्या डॉक्टरांना आपणहून सांगा.

प्रश्न : सासरे ७४ वर्षांचे आहेत. जेवून दोन-तीन तास झाले की भाकरीचे कण तसेच्या तसे तोंडात येतात. त्याला आंबट चव नसते. तोंडाला वास येतो. दीड वर्ष ॲसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत. दुर्बिणीच्या तपासणीत 'सगळं ठीक' आलं. आणखी काही तपासायचं राहिलं का? (तासगाव)

राहिलं. बेरियम स्वॅलो नावाचा एक्स-रे राहिला.

ताई, निदानाच्या निम्म्या वाटेवर तुम्ही स्वतःच पोचला आहात. पोटातून वर आलेलं अन्न आंबट किंवा कडवट लागतं. ते आंबट नाही, कण तसेच आहेत, म्हणजे ते बहुधा पोटापर्यंत गेलेलंच नाही. वाटेत कुठेतरी थांबून परत आलं आहे. पाणी पिताना मानेत गुडगुड असा आवाज येतो का, तेही विचारा. अशा माणसाला दीड वर्ष ॲसिडिटीच्या गोळ्या देत राहण्याचा काय उपयोग? दोन महिन्यांत फरक पडला नाही तेव्हाच कुणीतरी थांबून पुन्हा विचार करायला हवा होता.

बेरियम म्हणजे खडूच्या पाण्यासारखं पांढरं, घट्ट द्रावण. ते पिताना समोरून आणि बाजूने एक्स-रे काढतात. पिशवी असेल तर ती त्यात स्पष्ट भरलेली दिसते, आणि तिचं माप, ती कुठल्या बाजूला झुकली आहे, स्नायूची पट्टी कशी आडवी आली आहे, हेही कळतं. पोटाच्या दुर्बिणीत ती निसटू शकते, कारण नळी घशाचा तो भाग भराभर ओलांडून खाली जाते.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. पिशवीची शंका असेल तर पुढची कुठलीही दुर्बीण घालण्याआधी ते डॉक्टरांना सांगा. नळी सरळ अन्ननलिकेत जाण्याऐवजी पिशवीत शिरू शकते आणि तिचं अस्तर पातळ असल्यानं ते फाटू शकतं. नाकातून पोटात घालायच्या नळीचंही तेच. दुसरीकडे अशी नळी आंधळेपणानं रेटल्यावर मानेत पू झालेला एक पेशंट माझ्याकडे आला होता. त्याच्या घरच्यांना पिशवीची कल्पना होती, पण विचारलं नाही म्हणून त्यांनीही सांगितलं नव्हतं. न विचारता सांगा.

प्रश्न : काढा, गंडूष किंवा वमन यांनी पिशवी आक्रसते असं एका व्हिडिओत पाहिलं. करून बघू का? (कुपवाड)

नाही. औषधानं ही पिशवी आक्रसत नाही, कुठल्याही पॅथीच्या. वमन तर अजिबात नको. वर आलेलं अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती अशा माणसात इतरांपेक्षा जास्त असते.

प्रश्न : मानेच्या दुखण्यासाठी केलेल्या तपासणीत एक सेंटिमीटरची पिशवी दिसली. खाण्यापिण्याचा काहीच त्रास नाही. ऑपरेशन सुचवलंय. (कोरेगाव, जि. सातारा)

त्रास नसलेल्या एवढ्याशा पिशवीला सहसा काही करत नाहीत. दुसरं मत घ्या. गिळायला अडखळू लागलं किंवा ठसके वाढले तर लगेच दाखवा.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, पिशवी साडेतीन सेंटिमीटरची. एका सर्जननी मानेवर चिरा देऊन करू म्हटलं, दुसऱ्यांनी तोंडातून स्टेपलरनं, तिसऱ्यांनी पोटाच्या दुर्बिणीसारख्या वाकणाऱ्या नळीतून. तिघांत खरं कोण? (इस्लामपूर)

तिघंही खरे असू शकतात. तिघांचे रस्ते वेगळे आहेत, पण नीट पाहिलंत तर तिघांना जायचं आहे त्या आडव्या स्नायूपर्यंतच. तो स्नायू कापून सैल करणं हे ऑपरेशनचं मर्म. पिशवीचं पुढे काय करायचं हा त्यानंतरचा प्रश्न. भगदाड बुजवलं आणि बरगे तसेच ठेवले, तर पुढच्या पावसाळ्यात काठ पुन्हा फुटणार.

मानेवरच्या ऑपरेशनपासून सुरुवात करते, कारण ते जुनं आहे. चिरा बहुतेक वेळा डाव्या बाजूला घेतात, कारण पिशवी बहुधा डावीकडे झुकलेली असते. आत जाऊन आधी पिशवी मोकळी करतात आणि तो स्नायू उभा कापतात. पिशवी लहान असली तर स्नायू कापल्यावर ती पुष्कळदा आपोआप सपाट होते. मध्यम असली तर तिचं तोंड खाली यावं आणि तिच्यात अन्न साचू नये म्हणून ती उलटी वर उचलून टाक्यांनी बांधून ठेवतात. यात घशाचं अस्तर उघडावं लागत नाही, म्हणून गळतीची भीती कमी. मोठी असली तर कापून काढतात आणि तिथली भिंत शिवतात. या मार्गानं आजार परत येण्याचं प्रमाण कमी, साधारण शंभरात चार-पाच. पण भूल पूर्ण द्यावी लागते, वेळ जास्त लागतो, शिवलेल्या जागेतून गळती होऊ शकते आणि आवाजाच्या दोरीला जाणारी नस तिथून अगदी जवळून जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो. एकूण गुंतागुंती तोंडातून केलेल्या ऑपरेशनपेक्षा या मार्गात थोड्या जास्त.

तोंडातून करायची कल्पना नवी नाही. अमेरिकेत मोशर या डॉक्टरांनी १९१७ मध्ये तोंडातून दुर्बीण घालून पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधली भिंत कापली होती, पण छातीत जंतुसंसर्ग पसरून एक पेशंट दगावल्यावर ही पद्धत मागे पडली. १९६० मध्ये स्वीडनच्या डोलमन यांनी दोन ओठांची दुर्बीण आणि विजेची सुई वापरून ती पुन्हा रुळावर आणली. तिचा एक ओठ अन्ननलिकेत जातो, दुसरा पिशवीत, आणि मधली भिंत समोर ताणून उभी राहते. त्या भिंतीतच आपला आडवा स्नायू असतो. ती भिंत कापली की पिशवी आणि अन्ननलिका यांची एकच मोकळी जागा होते आणि पिशवीतलं अन्न अडून न राहता खाली उतरतं. म्हणजे या पद्धतीत पिशवी काढतच नाहीत. हे वाक्य मी रोज ओपीडीत सांगते, आणि तरी घरी जाताना नातेवाईक विचारतात, 'पिशवी निघाली ना?'

१९९३ पासून त्या भिंतीसाठी स्टेपलर आला. तो एका दाबात मध्ये कापतो आणि दोन्ही कडांना पिना मारून त्या बंद करतो, म्हणून रक्तस्राव आणि गळती कमी. काम अर्ध्या-पाऊण तासाचं, भूल पूर्ण, बरेच जण एक-दोन दिवसांत घरी जातात. अडचण अशी की स्टेपलरच्या टोकाला सेंटिमीटरभर भाग असा असतो जिथे पाते पोचत नाही, तेवढी भिंत खाली शिल्लक राहते. पिशवी तीन सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर स्टेपलर नीट बसतच नाही. तिथे काही जण लेझरनं भिंत कापतात. शिवाय दुर्बीण सरळ आणि ताठ असते. जबडा पुरेसा उघडायला हवा, मान मागे वळायला हवी. मणके झिजलेल्या, पुढे आलेल्या दातांच्या किंवा आखूड मानेच्या माणसात कधी कधी ती भिंत दिसतच नाही आणि आयत्या वेळी बेत बदलावा लागतो. त्याची संमती आणि तयारी आधीच करून ठेवायला हवी.

तिसरी पद्धत वाकणाऱ्या दुर्बिणीची. ती १९९५ च्या सुमारास सुरू झाली, बहुधा पोटविकारतज्ज्ञ करतात. मान वळत नाही, पूर्ण भूल झेपणार नाही, अशांना ती सोयीची. काही ठिकाणी ती गुंगीच्या इंजेक्शनवरही करतात. अलीकडे, २०१६ पासून, तिचा एक सुधारित प्रकार आला आहे. त्यात अस्तराखाली छोटं भुयार करून स्नायू मुळापर्यंत कापतात आणि वरचं अस्तर क्लिपांनी मिटवतात. भिंत अर्धवट राहू नये हा त्यामागचा हेतू. निष्कर्ष चांगले आहेत, पण मानेवरच्या ऑपरेशनइतका दीर्घ अनुभव तिच्यामागे अजून जमलेला नाही, आणि करणाऱ्याचा हात बसलेला असावा लागतो. तोंडातून करायच्या पद्धती सगळ्या मिळून पाहिल्या तर त्रास परत येण्याचं प्रमाण शंभरात दहा ते वीस धरावं.

तुमच्या वडिलांचं वय ६८, पिशवी साडेतीनची. मान आणि जबडा ठीक असेल तर स्टेपलर शक्य दिसतो. प्रकृती ठणठणीत असेल आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ नये असं वाटत असेल तर मानेवरचंही चूक नाही. बेरियमची फिल्म हातात न घेता आणि त्यांची मान वळवून न पाहता यापुढे मी काही सांगणार नाही. तिघांपैकी ज्यांनी या दोन्ही गोष्टी तपासून मग मत दिलं, त्यांच्याकडे परत जा.

प्रश्न : 'चिरा नाही, टाका नाही, एका दिवसात घरी, आजार कायमचा बरा' अशी लेझरची जाहिरात मोबाईलवर सारखी येते. आज पैसे भरले तर सवलत आहे. (मिरज)

मुतखडा असो, मूळव्याध असो की घसा, वाक्य तेच असतं. त्यातला 'कायमचा' हा शब्द खोटा आहे. तोंडातून केलेल्या ऑपरेशनला बाहेर चिरा नसतो, पण आत काप असतोच आणि तो श्वासनलिकेला आणि छातीला लागून असतो. लेझर हे कापायचं एक हत्यार आहे, ते वापरलं म्हणून जोखीम नाहीशी होत नाही. सवलतीची मुदत घालून ऑपरेशनचा निर्णय घ्यायला लावणं हे मला धोकादायक वाटतं. आजच्या आज करायची घाई या आजारात फार क्वचित असते. अन्न-पाणी पूर्ण बंद झालं किंवा ताप आणि धाप सुरू झाली तेव्हाच.

ज्या गावात १८९४ मध्येच मिशन हॉस्पिटल उभं राहिलं आणि १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या माणसानं मोबाईलवरच्या जाहिरातीवर पैसे भरू नयेत. प्रत्यक्ष जो सर्जन ऑपरेशन करणार आहे त्याला भेटा आणि सरळ विचारा : पिशवीचं माप किती? स्नायू पूर्ण कापला जाणार का? आजवर अशी किती केलीत? तोंडातून जमलं नाही तर काय करणार? रात्री गुंतागुंत झाली तर कोण येणार? जो डॉक्टर या प्रश्नांनी रागावेल, त्याच्याकडे ऑपरेशन करून घेऊ नका.

प्रश्न : अँजिओप्लास्टी झाली आहे, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. ऑपरेशनसाठी आठवडाभर आधी बंद करू का? (कराड)

स्वतःहून एक दिवससुद्धा नाही. स्टेंट कधी बसवला त्यावर ते ठरतं, आणि ते तुमचे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन एकमेकांशी बोलून ठरवतील. दोघांची गाठ घालून देणं तेवढं तुमचं काम.

प्रश्न : आई ७९ वर्षांची. बेरियममध्ये चार सेंटिमीटरची पिशवी निघाली. रात्री ढास लागते, दम्याचा पंप चालू आहे. वर्षात दोनदा न्यूमोनियासाठी ॲडमिट केलं. वजन ११ किलोनं उतरलं. पाहुणे म्हणतात, या वयात कापाकापी कशाला, आहेत ते दिवस सुखानं जाऊ द्या. भाचीचं लग्न चार महिन्यांवर आहे, त्यानंतर बघू असं ठरतंय. चालेल का? (आटपाडी)

चालणार नाही. या उत्तराला मी जास्त जागा घेणार आहे, कारण अशी पत्रं सगळ्यात जास्त येतात आणि मला झोप लागू देत नाहीत ती हीच.

तुमच्या आईला दमा आहे हे कुणी ठरवलं आणि कधी? पिशवी कळण्याआधी की नंतर? रात्री आडवं झाल्यावर पिशवीतलं अन्न उलटं वाहतं, घशात येतं आणि झोपेत श्वासनलिकेत उतरतं. त्यानं ढास लागते, छातीत घरघर होते. ऐकणाऱ्याला ती दम्यासारखीच वाटते. पंपानं अन्नाचे कण बाहेर येत नाहीत. ते फुफ्फुसात कुजतात आणि न्यूमोनिया होतो. दोनदा झाला आहे. दोन्ही वेळा अँटिबायोटिकनं ताप उतरला आणि घरी सोडलं, पण जिथून अन्न गळतंय ती जागा तशीच राहिली. तिसऱ्यांदा होईल तेव्हा तुमच्या आईचं वजन आणखी उतरलेलं असेल, फुफ्फुसं आणखी थकलेली असतील, आणि मग एखादा भूलतज्ज्ञ खरोखरच म्हणेल, आता भूल देणं धोक्याचं आहे. तेव्हा पाहुणे म्हणतील, 'आम्ही म्हणतच होतो.' वयामुळे ऑपरेशन जमलं नाही असं सगळे सांगतील. प्रत्यक्षात ते जमत असताना लग्नासाठी थांबलं गेलं.

आणि सुख कुठलं? मी अशा आज्या-आजोबांना विचारते, जेवता कुठे? उत्तर ठरलेलं असतं : सगळ्यांचं झाल्यावर, आत, एकटी. चारचौघांत ठसका लागतो, घास परत येतो, नातवंडं बघतात, म्हणून पंगत सोडलेली असते. आधी भाकरी सुटते, मग भाकरी दुधात कुस्करून, मग नुसत्या कण्या, मग चहात बुडवलेलं बिस्कीट. एक घास उतरायला पाच मिनिटं लागतात म्हणून 'भूक नाही' म्हणायची सवय लागते. घरातली माणसं वाईट नसतात. 'वय झालं, आता खाणं कमीच होणार' असं त्यांना मनापासून वाटतं. वयानं भूक थोडी कमी होते हे खरं. पण वयानं घास घशात अडकत नाही, आणि वर्षात अकरा किलो जात नाहीत. गिळायला त्रास होणं हे म्हातारपण नाही, ते तपासायचं लक्षण आहे, आणि निदान तर तुमच्याकडे आधीच झालेलं आहे!

हा आजारच मुळात साठी-सत्तरीनंतरचा. युरोपातल्या नोंदींप्रमाणे वर्षाला लाखात दोनेक माणसांना होतो, आणि त्यातली बरीचशी तुमच्या आईच्याच वयाची असतात. तोंडातून करायच्या पद्धती पुढे आल्या त्या याच वयाच्या, थकलेल्या माणसांसाठी. तेव्हा ७९ हा आकडा ऐकून कुणी नकार देत असेल तर तो आकड्याला दिलेला नकार आहे, तुमच्या आईला तपासून दिलेला नाही.

आता काय करायचं ते सांगते. या आठवड्यात छातीचा एक्स-रे, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि प्रथिनं, हृदयाची तपासणी करून घ्या. फिजिशियन, सर्जन आणि भूलतज्ज्ञ तिघांनी त्यांना पाहू द्या. भूलतज्ज्ञांना पिशवीबद्दल ठळकपणे सांगा, कारण भूल देताना तिच्यातलं अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं. त्यासाठी त्यांना वेगळी तयारी करावी लागते. वजन फारच उतरलं असेल तर आधी दोन-तीन आठवडे पोषण सुधारून मग ऑपरेशन ठरवतात. ती वाट पाहणं उपचाराचा भाग आहे, लग्नाची वाट पाहणं नाही. सगळं तपासून डॉक्टर म्हणाले की जोखीम फार आहे, तर त्यांचं ऐका. आणि आईला सगळं समजावून सांगितल्यावर त्या स्वतः नको म्हणाल्या, तर तो त्यांचा अधिकार. पत्रात पाहुण्यांचं मत आहे, तुमचं आहे, त्यांचं कुठेच नाही. आज विचारा.

प्रश्न : ऑपरेशननंतर भाकरी कधी खाता येते? (पलूस)

तुमचे सर्जन सांगतील तेव्हा. सर्वसाधारणपणे पहिल्या-दुसऱ्या दिवशी पाण्याचे घोट, मग पातळ, मग आठवडा-दोन आठवडे मऊ भात, खिमट, कण्या. मानेवरून ऑपरेशन झालं असेल तर उशीर लागू शकतो. गळती नाही ना हे पाहायला काही जण एक्स-रे काढून मगच तोंडानं द्यायला सुरुवात करतात. भाकरी, भडंग, सुकं खोबरं, चिवडा यांची घाई करू नका.

ताप, छातीत किंवा पाठीत दुखणं, धाप, गिळताना एकाएकी वाढलेली कळ, किंवा मानेची कातडी दाबल्यावर कुरकुर असा आवाज, यातलं एकही दिसलं तर तोंडानं काहीही न देता त्याच रात्री दवाखान्यात जा. सकाळची वाट पाहू नका. ही घशाची गळती असू शकते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी स्टेपलरनं ऑपरेशन झालं. वर्षभर छान गेलं, आता पुन्हा घास अडतो. नव्या एक्स-रेत पिशवी दिसते. ऑपरेशन फसलं का? (फलटण)

एक्स-रेत पिशवी दिसली एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. या पद्धतीत ती काढलेलीच नसते, तेव्हा थोडीफार दिसणारच. बेरियम तिथे अडून राहतं की खाली उतरतं, ते बघायचं. पण तुमचा त्रास परत आला आहे, म्हणजे भिंतीचा खालचा भाग राहिला असण्याची किंवा जखम भरताना आवळली गेल्याची शक्यता आहे. पुन्हा तोंडातून करता येतं, वाकणाऱ्या दुर्बिणीनं करता येतं, मानेवरूनही करता येतं. जुन्या ऑपरेशनच्या नोंदी घेऊन ज्यांनी केलं त्यांच्याकडे आधी जा. नुसता फुगा घालून रुंद करणं किंवा बोटॉक्सचं इंजेक्शन यांचा गुण आला तरी तो काही महिन्यांपुरता असतो.

प्रश्न : सरकारी योजनेत हे बसतं का? (जत)

महात्मा फुले योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड, आधार आणि बेरियमचा रिपोर्ट घेऊन त्यांना विचारा. शेजाऱ्याला मिळालं की नाही यावर जाऊ नका. आजार आणि ऑपरेशन कुठल्या नावानं नोंदलं जातं त्यावर ते ठरतं.

प्रश्न : मी ८१ वर्षांचा, निवृत्त शिक्षक. पिशवी आहे हे डॉक्टरांनी सांगून चार महिने झाले. मुलांना सांगितलेलं नाही, त्यांच्यामागे खूप व्याप आहेत. ऑपरेशन न करता काय काळजी घेऊ? (वाळवा)

गुरुजी, काळजी सांगते, पण ती ऑपरेशनच्या बदल्यातली समजू नका.

रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन-चार तास उरका. घास लहान, नीट चावून, कवळी सैल असेल तर आधी ती बसवून घ्या. प्रत्येक दोन घासांनंतर पाण्याचा घोट. जेवल्यावर मानेच्या डाव्या बाजूला हलक्या हातानं दाबून पाहा. काहींची पिशवी त्यानं रिकामी होते. दुखलं तर दाबू नका. उश्यांवर उशा न रचता पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर त्या पिशवीत अडकू शकतात आणि मग आकडे वर-खाली होतात. कुठल्या गोळ्या पातळ स्वरूपात मिळतील किंवा कुटून चालतील ते डॉक्टरांना विचारा, कारण सगळ्याच कुटता येत नाहीत. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा.

आणि चार महिने झालेत, गुरुजी. मुलांना व्याप आहेत म्हणून तुम्ही लपवताय, पण रात्री दोन वाजता धाप लागली तर त्यांनाच धावायचं आहे, आणि तेव्हा तुम्हाला काय झालंय हे त्यांना माहीत नसेल. नळी घालणाऱ्या डॉक्टरांना ते पिशवीबद्दल सांगू शकणार नाहीत. हे पान आज संध्याकाळी थोरल्या मुलाला वाचायला द्या. वजनाची वही आणि बेरियमच्या फिल्म घेऊन दोघं मिळून तुमच्या डॉक्टरांकडे या आठवड्यात जा.